जाणाऱ्याचं स्टूल

सूर तिसऱ्यांदा मध्येच थांबले आणि म्हातारी मंडळी पुन्हा चहाच्या कपांकडे वळली, तेव्हा मात्र अश्लेषाला राहवेना.

ज्याच्यामुळे हे होत होतं तो गडी खुशीत होता. डफासारखं दिसणारं एक गोल वाद्य गुडघ्यावर उभं धरून तो छोट्या दांडीनं ते बडवत होता. समोर तीन व्हायोलिनं, एक बासरी आणि हातात मावेल एवढी भात्याची पेटी. पाचही वादक सत्तरीच्या आसपासचे, जपानी, आणि सगळ्यांच्या डोक्यावर हिरव्या कागदाच्या टोप्या. सूर आयर्लंडचे होते. ठेका मात्र आयर्लंडचा नव्हता, एवढं अश्लेषासारख्या औरंगजेबालाही कळत होतं. बाहेर मार्चमधला बर्फाळ पाऊस खिडक्यांवर आपटत होता. बंद पडलेल्या शाळेच्या त्या हॉलमध्ये रॉकेलच्या दोन शेगड्या जीव तोडून जळत होत्या, तरी पायांची बोटं बधिर झाली होती. आणि त्या सगळ्यात हा ठेका... हा तर तिच्या चांगल्या ओळखीचा होता.

ती त्याच्यामागे गेली आणि वाकून मराठीतच म्हणाली, "अहो, तुम्ही सुरू केलंत की ते थांबतायत."

दांडी हवेतच राहिली. त्यानं मान वळवली. जाड भुवया, नीट कापलेली मिशी, आणि कॉपी करताना पकडल्यासारखं हसू.

"मी मराठी आहे हे तुम्हाला—"

"लेझीमचा ठेका आहे हा. पंधरा ऑगस्टला अख्ख्या शाळेनं नाचायचा."

तो लाजला, पार कानांपर्यंत. मग इतका वेळ कुणी काही बोललं का नाही, असं त्यानं विचारलं. तिनं सकाळीच ऐकलेला नियम त्याला सांगितला. या बैठकीत तालवाद्य सगळ्यांत शेवटी शिरतं, हळू शिरतं, आणि चुकणाऱ्याला कुणी चूक दाखवत नाही. सूर गुंडाळतात आणि चहा पितात. नियम आयर्लंडचा होता, पण जपानी माणसाला तो शिकवावा लागला नसावा.

"म्हणजे तीन गाण्यांचा खून केला मी," तो म्हणाला. "हात दाखवून अवलक्षण. मी मोरेश्वर लिमये. मिरजेचा. तोयोसुला असतो... म्हणजे, असायचो. तुम्ही?"

मोरेश्वर लिमये, मिरज. अश्लेषाचा हात आपोआप गळ्यातल्या बिल्ल्याकडे गेला. सकाळी कचेरीतल्या मुलीनं त्यावर जपानी अक्षरांत तिचं नाव ठळक लिहून दिलं होतं. तिनं तो हळूच उलटा केला.

"गीता," ती म्हणाली.

गीता ही तिची त्सुकुबातली शेजारीण. तिनंच ढकलून तिला इथे पाठवलं होतं, की प्रयोगशाळेतून बाहेर पड, नाहीतर तुलाच एक दिवस मातीच्या डब्यात भरून ठेवतील. जवळ सापडलं ते नाव अश्लेषानं उचललं, झालं. पण ते का उचललं, हे कळायला दोन वर्षं मागे जायला हवं.

अश्लेषाचा जन्म आश्लेषा नक्षत्रावरचा. या नक्षत्राची मुलगी सासूच्या मुळावर येते असं आपल्याकडे मानतात. कुणी हसत मानतं, कुणी रडत, पण मानतात. पुण्यात गणित शिकवणाऱ्या तिच्या वडिलांना या गोष्टीचा असा संताप होता की त्यांनी मुलीचं नावच ते ठेवलं. लपवाछपवी नको, ज्याला पटेल तो येईल. बाणा वडिलांचा, भोगायचं मुलीनं. निम्मी स्थळं नाव वाचूनच गळायची, उरलेली पत्रिका पाहून. मातीशास्त्रात डॉक्टरेट करून ती त्सुकुबाच्या एका संशोधन संस्थेत आली, ती थोडी या कटकटीपासून पळूनच. पण स्थळं काय, समुद्र ओलांडूनही येतात. २००७ च्या मे महिन्यात असंच एक आलं. मुलगा तोक्योतल्या तोयोसुत, खाडीकाठच्या उंच इमारतीत, सॉफ्टवेअरमध्ये. ईमेलवर दोघांची पाच-सहा पत्रं झाली. मग त्यानं लिहिलं की रविवारी अकरा वाजता अकिहाबाराला भेटू, त्सुकुबाची गाडी जिथे संपते तिथे, फाटकाबाहेर.

ती गेली, उभी राहिली. तो आला नाही. फोनही आला नाही. चार दिवसांनी पुण्याहून आईनं कळवलं की मिरजकरांचा नकार आहे, पत्रिका जमत नाही, मुलाच्या आईच्या मनात नाही. मुलगा मात्र मूग गिळून बसला. त्यानंतर एक ओळसुद्धा नाही.

याआधीचे नकार तिनं ताक प्यावं तसे पचवले होते. हा पचला नाही, कारण त्या पाच-सहा पत्रांत ती त्याच्या प्रेमात पडली होती. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलासुद्धा फार उशिरा सांगितलं. आणि आज तो समोर बसला होता. फोटोत त्याला मिशी नव्हती. तिच्या फोटोत साडी होती आणि लांब केस होते. आता केस खांद्यावर आणि वर हिरवी कागदी टोपी. तो तिला ओळखत नव्हता. तिला त्याच्याकडून एकच गोष्ट हवी होती. त्या रविवारी तो का आला नाही, हे त्याच्याच तोंडून. आणि ती कोण हे न कळता, म्हणजे उत्तराला तो पॉलिश करणार नाही.

गावाचं नाव कामिसावा. त्सुकुबाहून तीन तास, शेवटचा टप्पा एका डब्याच्या डिझेल गाडीनं. गेली बारा वर्षं इथे मार्चमधल्या एका शनिवार-रविवारी आयर्लंडचा उत्सव भरत होता, तो किकुची सेन्सेईंमुळे, म्हणजे किकुची बाईंमुळे. या बाई तरुणपणी नन्सच्या शाळेमार्फत आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर दोन वर्षं राहून आल्या, येताना व्हायोलिन शिकून आल्या. पुढे चाळीस वर्षं याच शाळेत संगीत शिकवता शिकवता त्यांनी सगळ्या गावाला त्या सुरांचं वेड लावलं. आता शाळेला मुलं उरली नव्हती. गाव शेजारच्या शहरात विलीन झालं होतं आणि शहराच्या कचेरीनं कळवलं होतं की हा उत्सव शेवटचा. एरवी आयर्लंडहून चार वादक यायचे. या मंदीच्या वर्षी ते जमलं नाही. तेव्हा कचेरीनं त्सुकुबाला पत्र पाठवलं, की परदेशी माणसं पाठवा. कुठल्या देशाची ते लिहिलं नव्हतं. म्हणून एक पुण्याची बाई, दोन बांगलादेशी विद्यार्थी आणि पेरू देशाचा एक कामगार हिरव्या टोप्या घालून आयर्लंड झाले होते. मोरेश्वर वेगळ्या वाटेनं आला होता. सेन्सेईंचा भाचा त्याच्या ऑफिसात होता. मोरेश्वर टेबल आवरत असताना त्याला दया आली असावी. जपान सोडण्यापूर्वी निदान आमचं गाव बघा, असं तो म्हणाला होता.

दुपारी दोघांच्या वाट्याला एकच काम आलं, ते म्हणजे कचरा. मुळा घातलेला आयरिश रस्सा खाऊन माणसं वाट्या आणून देत होती आणि भिंतीशी आठ पिशव्या ओळीनं तोंडं उघडून उभ्या होत्या. मोरेश्वर बाटली हातात घेऊन गोंधळून बघत राहिला.

"झाकण इकडे, वरचा कागद तिकडे, बाटली विसळून तिसऱ्या पिशवीत," अश्लेषा म्हणाली.

"सहा वर्षं झाली, अजून जमत नाही. आमच्या इमारतीतल्या आजी माझी पिशवी उचलून परत माझ्या दाराशी आणून ठेवायच्या."

"तुमचीच कशावरून?"

"कढीपत्ता आणखी कुणाचा असणार?"

तिला हसू आलं. यायला नको होतं, पण आलं. पत्रांतही तो असाच हसवायचा. तिनं मान खाली घालून वाट्या लावायला घेतल्या. तो तिच्या बोटांकडे बघत होता, हे तिला न बघता कळत होतं.

"भराभर वेगळं करता हो तुम्ही."

"माती तपासते मी. चाळणं हाच धंदा."

"मग मला... कुठल्या पिशवीत टाकाल?"

तिनं त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "अजून ठरलं नाही. आधी विसळावं लागेल."

तो मोठ्यानं हसला. मग वाट्या पुसता पुसता त्यानं आपणहून सगळं सांगितलं. शरद ऋतूत अमेरिकेतली बँक बुडाली, डिसेंबरात त्याच्या मजल्यावरची कंत्राटी माणसं निम्मी झाली, फेब्रुवारीत त्याचा नंबर लागला. सव्वीस तारखेचं, गुरुवारचं विमान आहे. मिरजेत कोण असतं, असं तिनं विचारलं. घरात कुणी नाही, गावात एक काका आहेत, तो म्हणाला. वडील लहानपणीच गेले. आई दीड वर्षापूर्वी, ऑक्टोबरात. हृदय थांबलं. ऑफिसात महत्त्वाच्या कामाचा आठवडा होता, मॅनेजरकडे सुट्टी मागायला हा दीड दिवस घाबरला, आणि पोचला तेव्हा सगळं उरकलं होतं. तेव्हापासून घराला कुलूप आहे.

अश्लेषाच्या हातातली वाटी हातातच राहिली. मे, जून, जुलै... ऑक्टोबर. पाच महिने.

"लग्नबिग्न?" तिनं शक्य तितक्या सहज विचारलं.

"ठरत आलं होतं एकदा. आईच्या मनात नव्हतं." तो थांबला. "त्या मुलीला अकिहाबाराला भेटायला बोलावलं आणि... मी गेलोच नाही."

"किती वेळ उभी होती ती?"

"माहीत नाही. विचारायची हिंमत झाली नाही."

आकडा तिच्या जिभेवर होता. तो तिनं गिळला. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच, हे तिलाही कळत होतं.

चारच्या सुमाराला खुर्च्या मागे सरकवल्या आणि नाच सुरू झाला. आठ-आठ जणांचा चौकोन, जोडीजोडीनं. किकुची सेन्सेई वाजवता वाजवता सूचना देत होत्या. चौऱ्याहत्तर वर्षांची, काटकुळी, पिवळसर चेहऱ्याची बाई, पण आवाज वर्गातला. गिरकी घेताना जोडीदाराच्या डोळ्यांत बघा, त्या ओरडल्या, इकडेतिकडे बघाल तर भोवळ येईल. मोरेश्वरनं हात पुढे केला. तळवा उबदार होता, किंचित घामेजलेला. पहिल्या गिरकीला ती त्याच्या मिशीकडे बघत राहिली, दुसरीला कॉलरकडे. तिसरीला बघावंच लागलं. हॉल, शेगड्या, खिडक्यांवरचं पाणी, सगळं फिरत होतं. स्थिर होते ते फक्त दोन डोळे, थकलेले, आणि तिला बघून सुखावलेले. दोन वर्षं तिनं या माणसाला मनातल्या मनात किती सुनावलं होतं. आता त्यातलं एक वाक्य आठवेना.

"तुमचं बोलणं..." तो धापा टाकत म्हणाला, "मी कुठेतरी वाचलंय असं वाटतं."

तिनं नजर काढली आणि तिला लगेच भोवळ आली.

रविवारी सकाळीही आभाळ उघडलं नाही. दुपारी एकला सगळे पुन्हा जमले, कारण उत्सवाचा शेवट एका जुन्या चालीनं व्हायचा. पूर्वी आयर्लंडच्या खेड्यातून कुणी पोरगा किंवा पोरगी अमेरिकेला निघाली, की जायच्या आधी घरात मयताची बैठक बसवत. माणूस जिवंत, समोर बसलेला, आणि लोक त्याला मेल्यासारखा निरोप देत, कारण गेलेला परत येत नसे. किकुची सेन्सेईंनी हे तिथल्या घरमालकिणीकडून ऐकलं होतं. कामिसावातून तोक्योला जाणाऱ्या पोरांसाठी त्यांनी ते इथे सुरू केलं. वर्गातलं एक लाकडी स्टूल मध्ये ठेवायचं, जाणाऱ्यानं त्यावर बसायचं, आणि त्याच्या मरणानंतर जे बोललं असतं ते बाकीच्यांनी आजच बोलून टाकायचं. बारा वर्षांत खूप जण त्या स्टुलावर बसले होते. परत कुणीच आलं नव्हतं. आता गावात जायलाही कुणी तरुण उरलं नव्हतं.

म्हणून यंदा स्टुलावर सेन्सेई स्वतः बसल्या. डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं की चेरीचा बहर बघाल, पानगळ नाही. सगळ्या गावाला हे ठाऊक होतं. अश्लेषाला तेव्हा कळलं. तोफूचं दुकान चालवणारे एक आजोबा उठले, त्यांनी वाकून नमस्कार केला आणि म्हणाले की तुम्ही फार जलद वाजवता, चाळीस वर्षं मला तुमच्यामागे धावावं लागलं. एवढं बोलून ते बसले आणि चष्मा पुसत राहिले. तुम्ही धावलात म्हणून मी थांबले नाही, सेन्सेई म्हणाल्या. एकेक जण उठत होता, बोलत होता. कुणी मोठ्यानं रडलं नाही, पण खोलीतला प्रत्येक माणूस रडत होता.

मग सेन्सेई उठल्या. आणखी एक जाणारे आहेत, असं म्हणून त्यांनी मोरेश्वरला बसवलं. तो हातातल्या वाद्यासकट बसला. कुणी उठेना. त्याला ओळखणारं तिथे कोण होतं? पावसाचा आवाज येत राहिला.

"या माणसाला सांगण्यासारखं कुणाकडेच काही नाही?" सेन्सेईंनी विचारलं.

अश्लेषा उठली. आमच्या भाषेत बोललं तर चालेल का, असं तिनं जपानीत विचारलं. जाणाऱ्याला कळलं की पुरे, सेन्सेई म्हणाल्या.

तिनं गळ्यातला बिल्ला सुलटा केला.

"दोन तास दहा मिनिटं," ती म्हणाली. "काल तुम्ही म्हणालात ना, विचारायची हिंमत झाली नाही. निळा कुर्ता घातला होता मी. गर्दीचा लोंढा आला की प्रत्येक वेळी केस सारखे करायचे."

त्यानं बिल्ल्यावरची अक्षरं एकेक करून वाचली. चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. तो उठायला लागला तशी सेन्सेईंनी हातानं खूण केली, की बसणाऱ्यानं उठायचं नाही. मग बोललं तर चालेल का, त्यानं जपानीत विचारलं. मेलेला माणूस बोलत नाही, त्या म्हणाल्या, पण मी बोलले मघाशी. बोला.

"आईच्या मनात नव्हतं हे... हे खोटं आहे," मोरेश्वर म्हणाला. "आई म्हणाली होती, माझं काय, मी पिकलं पान, तू मुलगी बघून ये. काकांनी पत्रिका दाखवली आणि घाबरलो मी. मी, इंजिनिअर माणूस. त्या रविवारी बूट घालून दारात उभा होतो. मग बूट काढले. सगळ्यांना आईचं नाव सांगितलं. आईचं नाव सांगितलं की पुढे कुणी विचारत नाही."

"त्या मे महिन्यात आपण भेटलो असतो तर लग्न दिवाळीच्या आत झालं असतं. तुमची आई ऑक्टोबरात गेली. खापर कुणावर फुटलं असतं?"

तो गुडघ्यावरच्या वाद्याकडे बघत राहिला.

"बोला ना."

"तुमच्यावर."

"कुणी फोडलं असतं?"

"काकांनी. शेजाऱ्यांनी..." त्यानं दांडी घट्ट धरली होती, बोटं पांढरी पडली होती. "मीसुद्धा. तोंडानं बोललो नसतो. पण मनात... मीसुद्धा."

इतकं भयंकर आणि इतकं खरं तिच्याशी आजवर कुणी बोललं नव्हतं. तिला राग यायला हवा होता. तो आला नाही.

"आणि आता तुमच्या घरात सासूच नाही," ती म्हणाली. "आता तेच काका म्हणतील, आश्लेषाची मुलगी ना, मग काहीच हरकत नाही. तुमची आई मेली म्हणून मी चालण्यासारखी झाले. असं चालायचं नाहीये मला." तिनं श्वास घेतला. "एवढंच सांगायचं होतं. आणि... तुमची पत्रं आहेत माझ्याकडे. सगळी. तुम्ही मला आवडला होतात. जाणाऱ्याला सांगतात, म्हणून सांगतेय."

ती खाली बसली. त्याच्याशिवाय कुणालाही एक शब्द कळला नव्हता. तोफूवाल्या आजोबांनी स्वतःचा घडी केलेला रुमाल तिच्यापुढे ठेवला. सेन्सेईंनी व्हायोलिन उचललं आणि एक फार संथ, तालाशिवायचं गाणं वाजवलं. मोरेश्वरच्या गुडघ्यावर वाद्य होतं, हातात दांडी होती. त्यानं ती टेकवलीसुद्धा नाही.

तीन वाजून वीस मिनिटांच्या गाडीला दोघं फलाटावर होते, चार हात अंतर ठेवून. सेन्सेईंनी ते वाद्य त्याला देऊन टाकलं होतं. तीन गाण्यांचं पाप फेडा, असं सांगून. फलाटाच्या पत्र्यावरून पाणी गळत होतं. गाडी वळणावर दिसली तेव्हा तो म्हणाला, "येत्या रविवारी अकरा वाजता मी त्या फाटकाबाहेर उभा असेन. तुम्ही यावं असं म्हणत नाही. मला उभं राहायचंय."

गाडी थांबली तशी ती दुसऱ्या दारानं चढली.

पुढचा आठवडा तिनं माती चाळण्यात काढला. जायचं नाही, हे ती सोमवारपासून स्वतःला बजावत होती, आणि पालथ्या घड्यावर पाणी तसं ते वाहून जात होतं. रविवारी साडेदहाला ती अकिहाबाराला पोचली. तो आधीच येऊन उभा होता, खांबाला पाठ लावून, पायाशी कापडात गुंडाळलेलं वाद्य. ती गर्दीतून कडेकडेनं निसटली आणि जिन्यावरच्या कॉफीच्या दुकानात काचेशी बसली. ठरवूनच आली होती ती. दोन तास दहा मिनिटं. उभं राहू दे त्याला, कळू दे.

अकरा वाजले. तो उभा होता. सव्वाअकरा, साडेअकरा. त्यानं घड्याळ पाहिलं नाही, फोन काढला नाही, समोरच्या यंत्रातून चहासुद्धा घेतला नाही. दर गाडीला फाटकातून माणसांचा लोंढा बाहेर यायचा, आणि लोंढा आला की तो सरळ व्हायचा आणि हातानं केस सारखे करायचा. प्रत्येक वेळी. मग लोंढा ओसरायचा आणि तो पुन्हा खांबाला टेकायचा. अश्लेषाची कॉफी गार झाली. तिला वाटलं होतं की हे बघताना बरं वाटेल. तसं काही वाटत नव्हतं. खाली तो नव्हताच, खाली तीच उभी होती, निळ्या कुर्त्यातली.

बाराला ती उठली.

ती समोर आली तेव्हा तो हसला नाही. "अजून वेळ झाली नाही," तो म्हणाला. "एक तास दहा मिनिटं राहिलीत."

"माहीत आहे."

"सेन्सेई गेल्या. शुक्रवारी. भाच्याचा निरोप आला."

चेरीला अजून कळ्याच होत्या. निदान ज्याला जे सांगायचं होतं ते सांगून झालं होतं, एवढंच तिच्या मनात आलं.

"आई असती तरी तुम्हाला घरी नेलं असतं... असं म्हणायला आठवडाभर शब्द जुळवत होतो," तो म्हणाला. "म्हणवत नाही. खोटं होईल."

"नका म्हणू."

"गुरुवारी जातो. कुलूप काढतो. काकांना सांगतो, की नाही मी म्हणालो होतो, आई नाही. घरात बसून आईलाही सांगतो. तिच्या नावावर खपवलं ते. मग तुम्हाला पत्र लिहीन. तुम्ही उत्तर दिलंत तर..." पुढचं त्याला जमलं नाही.

फाटकातून नवा लोंढा आला. माणसं दोघांना वळसा घालून जात राहिली. गुरुवार चार दिवसांवर होता. मिरज फार दूर होती. अशा घरात पाऊल टाकायचं का, हे तिला खरोखरच ठाऊक नव्हतं. तिनं खाली वाकून ते वाद्य उचललं, कापड नीट केलं आणि त्याच्या शेजारी त्याच खांबाला पाठ टेकून उभी राहिली.

"लिही तू," ती म्हणाली. "उरलेला वेळ मी थांबते तुझ्याबरोबर."

मोरेश्वरनं तिच्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते त्यानं पुसलं नाही.

एक वाजून दहा मिनिटं झाली. दोघांनीही समोरचं घड्याळ पाहिलं, आणि दोघांपैकी कुणीच जागचं हललं नाही.